सवलतीतल्या फिल्टरची तपासणी

बरण्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ज्या माणसाने बरण्या तपासल्या आणि त्यातल्या निम्म्या परत भट्टीत पाठवल्या, त्याला कारखान्यातले लोक तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे नापासराव. निरोप समारंभात एका वक्त्याच्या तोंडून ‘आपले लाडके नापासराव’ असं निसटलं. सगळे हसले, टाळ्या पडल्या आणि ते नाव हारतुऱ्यांबरोबर घरी आलं ते कायमचं. नापासरावांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण या तीन वर्षांत एकाही माणसाने त्यांच्यापुढे एखादी वस्तू धरून ‘हे कसं आहे, बघा बरं’ असं म्हटलं नव्हतं. बायको भाजी स्वतः निवडून आणायची. प्लंबर नळ बसवून निघून जायचा. नापासराव त्या नळाकडे बघत बसायचे आणि नळ वाकडा असायचा.

लेक त्याच शहरात राहायची, बसने चाळीस मिनिटांवर. फोटो काढणं हा तिचा धंदा. कामामागे सदा पळत असायची. महिन्यातून एकदा यायची, दारातच ‘बसत नाही हं’ म्हणायची आणि खरोखरच बसायची नाही. म्हणून सोमवारी संध्याकाळी सहाला ती न कळवता आली, बूट काढून आत आली आणि पिशवीतून एक चपटी डबी काढून म्हणाली, “बाबा, हे जरा बघून द्याल?” तेव्हा नापासरावांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

डबीत काळपट काचेची एक चकती होती, कडेला धातूची रिंग.

“लेन्सवर बसवायचा फिल्टर आहे,” लेक म्हणाली. “समोर काच असली की तिच्यावरची चमक मारतो. नगरभवनाचं काम मिळालंय मला. एकेचाळीस माजी अध्यक्षांची तैलचित्रं आहेत, सगळी काचेआड. फ्रेमा भिंतीला बोल्टने आवळल्यात, कारण एक अध्यक्ष मुदत संपल्यावर स्वतःचं चित्र घरी घेऊन गेले होते. मी पहिल्यांदा फोटो काढले ना, तर प्रत्येक अध्यक्षाच्या पोटावर मी उभी. हातात कॅमेरा. समितीने विचारलं, ही बाई कोण आणि ही सगळ्यांच्यात का आहे?”

“मग?”

“मग आता रविवारी पुन्हा काढायचेत. रविवारी जमलं तर जमलं, नाहीतर काम दुसऱ्याला देणार. हा फिल्टर ऑनलाइन घेतला. सत्तर टक्के सवलतीत. कंपनी मोठी आहे, म्हणून तर शंका येते. खाली लोकांनी लिहिलंय, निम्मे म्हणतात अस्सल, निम्मे म्हणतात नकली, एकाने लिहिलंय डबी छान आहे. मी घरी फोटो काढून बघितले. कधी वाटतं फोटो मऊ येतोय, म्हणजे जरा धूसर, कधी वाटतं माझेच डोळे मऊ आलेत. नकली निघाला तर शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत परत करता येईल. तुम्ही जन्मभर काच बघितलीये. तुम्हीच सांगा.”

नापासराव उठले. ट्यूबलाइटखाली उभं राहून त्यांनी चकती हळूच कलती केली आणि काचेत पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत नेलं. काच घासून सपाट केलेली असेल, तर ट्यूब सरळ सरकते. ही मध्यावर आली आणि कमरेत वाकली. शिवाय चांगल्या काचेवर लेप असतो, त्यात ट्यूब फिकी जांभळी नाहीतर हिरवी दिसते. ही पांढरीफटक होती. खिडकीला लावायच्या काचेचा तुकडा कापून रिंगेत बसवला होता आणि वर काळी फिल्म चिकटवली होती. हे कळायला नापासरावांना अर्धं मिनिट लागलं. नोकरीत असते तर पाव मिनिट लागलं असतं.

‘नापास’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि वळून पाहिलं. लेक खुर्चीत बसली होती. नुसती बसली नव्हती, पाय वर घेऊन बसली होती. पाणी पिऊन झालं होतं आणि आता ती आईला चहा मागत होती. आत्ता तो शब्द उच्चारला, की ती डबी उचलणार, बूट घालणार आणि पुढच्या महिन्यात दारात उभी राहून ‘बसत नाही’ म्हणणार.

“बघावं लागेल,” नापासराव म्हणाले.

“किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही. काच आहे.”

“मग ठेवते इथंच. उद्या येऊ?”

“ये की,” नापासराव म्हणाले. त्यांना फार आनंद झाला आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. रात्री ते भात दोनदा वाढून घेऊन जेवले.

मंगळवारी सहाला लेक हजर झाली. आता तिच्यापुढे काहीतरी ठेवणं भाग होतं. नापासरावांनी दिवसभर डोकं खाजवून वाफेची चाचणी शोधून काढली होती. काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि ती किती सेकंदांत उडते हे घड्याळावर मोजायचं. वाफ सोडायचं काम बायकोकडे होतं. तुलनेला आणखी काचा हव्यात म्हणून खिडकी, बायकोचा चष्मा आणि टीव्हीचा पडदा, असे फिल्टर धरून चार नमुने घेतले होते. फिल्टर नऊ सेकंद, खिडकी चौदा, चष्मा सात. टीव्हीवर वाफ धरेचना.

लेकीने वहीत आकडे उतरवून घेतले. “म्हणजे काय निघालं यातून?”

“टीव्ही उत्तम आहे,” नापासराव म्हणाले.

“आणि फिल्टर?”

“एवढ्यात मत द्यायचं नसतं.”

बुधवारी ते डबी घेऊन कोपऱ्यावरच्या सराफाकडे गेले. चांगल्या फिल्टरची रिंग पितळी असते, तेव्हा धातू बघून घ्यावा, असं कारण त्यांनी स्वतःला दिलं होतं. सराफाने रिंग कसोटीवर घासली, भिंग डोळ्याला लावलं, पुन्हा घासली. मग दुःखद बातमी सांगायच्या आवाजात तो म्हणाला, “काका, हे सोनं नाही.”

“लिहून द्या.”

सराफाने दुकानाच्या कागदावर लिहून दिलं, ‘तपासणीअंती सदर वस्तू सोन्याची नसल्याचे आढळले’, आणि खाली शिक्का मारला. संध्याकाळी लेकीने तो कागद दोनदा वाचला.

“बाबा, हे सोनं आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं.”

“आता कुणाला म्हणता येणारही नाही. एक शक्यता कायमची मिटली.”

लेक हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि जेवूनच गेली. ती गेल्यावर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. एक टॉवेल झटकून ती म्हणाली, “तुम्हाला कळलंय.”

“काय?”

“उगाच वेड पांघरू नका. एखादी गोष्ट उमगली नाही तर तुम्हाला घास उतरत नाही. नळ गळत होता तेव्हा दोन दिवस ताटावरून उठत होतात. सोमवारी भात दोनदा घेतलात.”

नापासरावांनी एक मोजा उचलला आणि त्याची घडी घालायला घेतली.

“नकली आहे ना?”

“साफ.”

बायकोने टॉवेलची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. “आज तिच्या खुर्चीवर ठेवायला नवी उशी काढली होती, ठेवायची विसरले,” ती म्हणाली. “असो. उद्या येईलच.” मग घड्यांची चळत उचलता उचलता तिने बजावलं, “शनिवारपर्यंत. त्याच्यापुढे एक मिनिट नाही. पोरीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.”

त्या दिवसापासून गुन्ह्यात दोघं सामील झाली.

गुरुवारी नापासरावांना कारखान्यातली ताणपेटी आठवली. दोन काळ्या काचांच्या मध्ये बरणी धरली, की जिथे ती नीट थंड झालेली नसेल तिथे रंगीत पट्टे दिसायचे. असली बरणी आज ना उद्या तडकणार. फिल्टरची काच भिकार असली तरी वरची फिल्म अगदीच टाकाऊ नव्हती. टीव्हीच्या पडद्यात एक काळी काच असतेच, म्हणून टीव्हीवर नुसतं पांढरं चित्र लावलं, समोर पेला धरला, डोळ्याला फिल्टर लावून तो फिरवला, आणि बघतात तो काय, पेल्यात मोरपंखी पट्टे! नापासरावांच्या अंगात तीन वर्षांनी वारं शिरलं. लेक येईपर्यंत त्यांनी घरातल्या सोळा पेल्यांपैकी अकरा पेले नापास करून जमिनीवर मांडले होते. बायको म्हणाली, मग आता पाणी कशातून प्यायचं? नापासराव म्हणाले, ओंजळीने प्या, पण हे पेले विश्वासाचे नाहीत.

लेक बसली मांडी ठोकून. एकेक पेला धरायची, फोटो काढायची आणि बाबांचा निकाल वहीत लिहायची. वरच्या मजल्यावरच्या बाई साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि साखर विसरून आपला काचेचा वाडगा घेऊन आल्या. वाडगा नापास झाला. बाईंना धक्का बसला, पण त्यांनी तो एकटीने सोसला नाही, सगळ्या इमारतीला सांगितला. शुक्रवारी सहाला जिन्यात रांग होती. फुलदाण्या, लोणच्याच्या बरण्या, मनगटी घड्याळं. एक गृहस्थ पाण्यासकट माशाचं भांडं घेऊन आले. नापासरावांनी मासा सोडून बाकी सगळं नापास केलं. एका बाईंनी नवऱ्यालाच आणलं होतं, चष्म्यासकट. दोघांचंही बघा म्हणाल्या. चष्मा नापास झाला, नवऱ्याबद्दल नापासरावांनी मत राखून ठेवलं.

“आणि फिल्टर, बाबा?” रांग ओसरल्यावर लेकीने विचारलं. या वेळी ती हसत नव्हती. “उद्या शेवटचा दिवस आहे.”

नापासरावांनी डबीचं झाकण लावलं. “उद्या सांगतो. नक्की.”

लेक वाट न बघता फोनवर कंपनीच्या मदत कक्षाशी बोलायला लागली. तिकडून अक्षरं टपाटप यायची आणि ती मोठ्याने वाचून दाखवायची.

“‘फिल्टर नकली असल्याचा फोटो पाठवा.’ थांबा, पाठवते. बाबा, हात पुढे करा, तळहातावर ठेवा. हां. पाठवला. काय म्हणतात बघा. ‘आपल्या फोटोत फिल्टर दिसत नाही, एक तळहात दिसतो.’ अहो, काच आहे ती, आरपार दिसणारच! ‘आरपार दिसणे हे अस्सलपणाचे लक्षण आहे. आपले अभिनंदन.’”

“दे इकडे, मी बोलतो,” नापासराव म्हणाले. पण त्यांना फोनवर टाइप करता येत नव्हतं, त्यामुळे ते नुसतेच रागावले.

लेकीने हार मानली नाही. अर्धा तास ती त्या मदतनिसाशी झुंजली आणि शेवटी त्याने एक फॉर्म पाठवला. काचेच्या कामाचा दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या स्वतंत्र निरीक्षकाने तो स्वतःच्या हाताने भरून सही केली, तर माल परत घेतला जाईल.

“बाबा,” लेक हरखून म्हणाली, “हा तर तुमच्यासाठीच छापलाय!”

शनिवारी ती चारलाच आली. फॉर्म खालच्या दुकानातून छापून आणला होता. नापासरावांनी टेबल पुसलं, चष्मा पुसला, पेनाचं टोपण मागे लावलं आणि लिहायला बसले. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वस्तूचे वर्णन. निरीक्षणे. काच सपाट नाही, प्रतिबिंब मध्यभागी वाकते. लेप नाही. रिंग काचेला दोन ठिकाणी दाबते. निष्कर्ष, नापास. अक्षर मोत्यासारखं येत होतं. लेक खांद्यावरून वाचत होती आणि तिचा चेहरा उजळत होता, कारण आपल्याला जे मऊ वाटत होतं ते खरंच मऊ होतं, हे तिला आता कळत होतं.

“मी ठीक होते म्हणजे,” ती म्हणाली. “माझे डोळे ठीक होते.” आणि ती पाणी प्यायला आत गेली.

पुढचा रकाना होता, ‘दोष प्रथम आढळल्याची तारीख व वेळ’.

नापासरावांचं पेन थांबलं. एकतीस वर्षांत त्यांनी तपासणीची खोटी वेळ कधी टाकली नव्हती. एका सहकाऱ्याने टाकली होती. सकाळची तपासणी दुपारी केली आणि वेळ सकाळची लिहिली. नापासरावांनी त्याची तक्रार केली होती आणि त्या माणसाची नोकरी गेली होती. आता इथे ‘शनिवार, चार’ एवढं लिहिलं असतं, तर बघायला कोण येणार होतं? बायकोने मान हलवून खूण केली, लिहा. नापासरावांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘सोमवार, सायंकाळी ६ वाजून ७ मिनिटे.’

खालचा रकाना, ‘अहवालास विलंब झाला असल्यास कारण’.

त्यांनी लिहिलं, ‘मुलगी रोज येत होती.’ मग सही केली आणि लेक बाहेर आल्यावर कागद तिच्या हातात दिला.

लेकीने तो वरून खालपर्यंत वाचला. खाली आल्यावर ती पुन्हा एक ओळ वर गेली.

“सोमवारी?”

“हो.”

“सहा वाजून सात मिनिटांनी मी इथं होते.”

“पाणी पीत होतीस.”

“आणि वाफ? आणि तो सराफ? आणि काल जिन्यातली ती जत्रा?” तिचा आवाज चढला. “बाबा, सोमवारी सांगितलं असतंत तर मी लगेच दुसरा मागवला असता, गुरुवारी हातात आला असता. आता हा परत जाईल. उद्या लेन्सवर काय लावू मी? पुन्हा अध्यक्षांच्या पोटावर जाऊन उभी राहू?”

नापासरावांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. शनिवारी सहाच्या आत परत करायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. परत करणं म्हणजे हातात काहीच न उरणं, इतकी साधी गोष्ट सबंध आठवड्यात त्यांना सुचली नाही. स्वतःची एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

“तो विचार केला नाही,” ते म्हणाले.

“शनिवारपर्यंत ओढा असं मीच म्हटलं त्यांना,” बायको दारातून म्हणाली. “त्यांना एकट्यांना बोलू नकोस.”

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिने फॉर्मचा फोटो काढला आणि पाठवून दिला. दोन मिनिटांत उत्तर आलं. तिने ते सवयीने मोठ्याने वाचलं, “‘अहवाल स्वीकारला. विलंबाचे कारण ग्राह्य.’” ‘ग्राह्य’ म्हणताना तिचा आवाज कसातरी झाला. तिने डबी पिशवीत टाकली, बूट घातले आणि चहा न घेता निघून गेली. नवी उशी खुर्चीवरच राहिली.

नापासराव जेवायला बसले आणि दोन घास खाऊन उठले. बायकोने ताटं उचलली. तेवढ्यात फोन वाजला.

“आई, तुझ्याकडे काळी चादर आहे? मोठी?” लेकीचा आवाज कामापुरता होता. “मधे भोक पाडावं लागेल, त्यातून लेन्स बाहेर काढायची. मग काचेत काळं सोडून काही दिसत नाही. आधी लोक असंच करायचे. दोन्हीकडून धरायला दोन माणसं लागतील. सकाळी नऊला नगरभवन. उशीर नको.”

रविवारी सकाळी नऊ वाजता नगरभवनाच्या लांबलचक दालनात नापासराव आणि त्यांची बायको काळ्या चादरीची दोन टोकं डोक्याच्या वर धरून उभी होती. चादर नाकाला टेकत होती. पुढे अध्यक्ष होते म्हणे, पण नापासरावांना मिट्ट काळोखाखेरीज काही दिसत नव्हतं. भोकाशी लेक कॅमेऱ्याच्या तिपाईमागे वाकून उभी होती आणि ‘वर’, ‘डावीकडे’, ‘हलू नका’ एवढेच शब्द बोलत होती. एक अध्यक्ष झाला, की तिपाई सरकायची आणि चादर तिच्यामागून तुरुतुरु चालायची. दालनाचा पहारेकरी दारात येऊन बघून गेला आणि काही न विचारता त्याने दार लोटून घेतलं.

सातव्या अध्यक्षापाशी कॅमेऱ्याचा आवाज झाला, पण तिपाई सरकली नाही. नापासरावांना काळोखात लेकीचा श्वास जवळ ऐकू आला.

“बाबा.”

“हं.”

“मला यायला कारण लागत नाही. वेळ लागतो. तो मिळत नाही. आणि तुम्ही माझा सबंध आठवडा खाल्लात.”

“खाल्ला,” नापासराव म्हणाले.

“पुन्हा असं कराल?”

आता काय उत्तर द्यायचं हे सरळ होतं आणि ते द्यायची त्यांची तयारीही होती. पण लागोपाठ दोन दिवस खरं लिहायची आणि बोलायची सवय अंगाला लागली होती.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.

लेक हसली, नाइलाजाने, नाकातून. “आई, सांभाळ गं यांना,” ती म्हणाली आणि तिने तिपाई उचलली. “चला. आठवा.”

“माझे हात मोडायला आलेत,” बायको पलीकडच्या टोकाकडून कुरकुरली. “किती राहिले अजून?”

“चौतीस.”

नापासरावांचे खांदे भरून आले होते आणि उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. अजून चौतीस अध्यक्ष राहिलेत, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं आणि त्यांनी चादर आणखी थोडी वर उचलून धरली.